आठ तास चार्जिंगला लावा!

नवीन फोन आणला की आधी आठ तास चार्जिंगला लावायचा आणि बॅटरी पार उतरल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. हा सल्ला घरोघरी अजून मिळतो. वेडगळ नाहीये हो तो, फक्त ज्या बॅटरीसाठी होता ती आता फोनमधे नसते.

निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरची, १८९९ सालची. ही जात दुकानात पडूनच रिकामी व्हायची, म्हणून ते आठ तास. अर्धवट उतरवून सारखी भरली तर मेमरी इफेक्टची भीती, म्हणून ते 'पार उतरू दे'. तिची धाकटी बहीण, निकेल-मेटल हायड्राइड, २००० सालच्या नोकिया ३३१० मधेसुद्धा होती. २००३ च्या ११०० मधे आली लिथियम-आयन (सोनीने १९९१ लाच बाजारात आणलेली). बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच!

लिथियमला मेमरीबिमरी नाही. तिला सोसत नाहीत ती दोन टोकं, शून्य आणि शंभर. आणि उष्णता. भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. तसाच गरम राहिला की आतली झीज वाढते. म्हणजे उशीखाली चार्जिंग, किंवा चार्जिंगवरच गेम... कठीण आहे.

११०० चं झाकण काढून दोन मिनिटांत नवी बॅटरी घालता यायची. आजच्या स्वस्त फोनमधे ती बहुधा चिकटवलेली, म्हणजे दुकान आणि खर्च आलाच. घाई नसेल तर मी जुना मंद चार्जरच लावतो. ८० टक्क्यांची मर्यादाही लावून ठेवलीय, प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी काढतो.