दूरचें भिंग आणि गोंदियाचे सारस

कोणत्याही कलेचा इतिहास लिहितांना तिच्यांतील श्रेष्ठ कृतींची नोंद होते. तिचीं साधनें कोणाला केव्हां परवडूं लागलीं याची नोंद क्वचितच होते. छायाचित्रणासारख्या यंत्राधीन कलेंत मात्र हा दुसरा इतिहासही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. दूरची वस्तु जवळ आणून दाखविणारें टेलिफोटो भिंग शास्त्रज्ञांच्या मेजावरून निघून जुन्या वस्तूंच्या बाजारापर्यंत कसें पोंचलें, आणि गोंदिया जिल्ह्यांतील एका दुर्मिळ पक्ष्याशीं त्याचा काय संबंध, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. धान आणि तळीं हीं या भागाचीं जुनीं लक्षणें. कोहळी समाजाच्या जाणकारांनीं बांधलेले कित्येक तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नांवानें आजही ओळखले जातात. नवेगांवबांधच्या जलाशयावरील पक्षिजीवन मारुती चितमपल्ली यांनीं आपल्या लेखणीनें मराठी घरांत पोंचविलें. परंतु परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांच्या आसपास वावरणारा सारस हा या जिल्ह्याचा खरा मानकरी होय. राखी अंगाचा, लाल डोक्याचा, माणसाएवढा उंच असा हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यतः गोंदियांतच उरला असून, अलीकडच्या गणनांत त्याची संख्या पन्नासाच्याही आंत आहे. २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, यावरून त्याचें गांभीर्य कळून येईल. अशा पक्ष्याचें चित्र घ्यावयाचें तर किती अंतरावरून घ्यावें, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

वन्य पक्ष्याजवळ जावें कसें, हा प्रश्न छायाचित्रकारांना आरंभापासूनच पडलेला आहे. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं १८९२ मध्यें अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून ते त्यांत दडून बसत. आपल्याकडे संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं जनावराच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय लागतांच प्रकाश पडे आणि वाघ आपलें चित्र आपणच काढी. त्यांचें पुस्तक १९२७ मध्यें निघालें. सिंगापूरचे लोक वान थो १९४२ मध्यें युद्धामुळें भारतांत आले आणि सालिम अलींच्या सहवासांत त्यांनीं घरट्यांजवळ लपण उभारून पक्ष्यांचीं उत्तम चित्रें घेतलीं. या सर्वांच्या युक्त्या निराळ्या, पण धडपड एकच होती: कॅमेरा पक्ष्याच्या जवळ नेणें.

कॅमेरा दूर ठेवूनच काम साधावें, हा मार्ग १८९१ मध्यें मोकळा झाला. लंडनचे टॉमस डॅलमायर, बर्लिनचे आडोल्फ मीटे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें, जवळजवळ एकाच वेळीं टेलिफोटो भिंगें सिद्ध केलीं. त्यांची रचना समजण्यास सोपी आहे. पुढील बहिर्गोल भिंगें किरण एकवटूं लागतात. मागील अंतर्गोल भिंगें ते किंचित् फांकवितात. त्यामुळें लांब नळीच्या भिंगाएवढी मोठी प्रतिमा आंखूड नळींत मिळते. मात्र त्या काळचीं हीं भिंगें फार थोडा प्रकाश घेत. त्यांच्यापुढें पर्वतशिखरें आणि मंदिरांचे कळस निश्चल राहत; पांखरें राहत नसत.

पुढची पायरी झूमची. एकाच नळींत भिंगें मागेंपुढें सरकवून दृश्य लहानमोठें करण्याची सोय प्रथम चलच्चित्रांच्या कॅमेऱ्याला १९३२ च्या सुमारास मिळाली. साध्या कॅमेऱ्यासाठीं फोइग्टलेंडर कंपनीचें झूमार हें भिंग १९५९ मध्यें आलें. त्याच वर्षीं जपानच्या निकॉननें आपलें पहिलें टेलिफोटो झूमही बाहेर काढलें. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ८० ते २०० किंवा ७० ते २१० मिलिमीटरचीं झूम भिंगें जपानी कारखान्यांतून इतक्या संख्येनें निघालीं कीं पाश्चात्त्य देशांत तीं मध्यमवर्गीय घरांतली वस्तु होऊन बसलीं. आपल्याकडे मात्र आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें परदेशांतून येणाऱ्या आप्तेष्टांच्या सामानांतूनच असें भिंग बहुधा येई. १९९१ नंतर हे निर्बंध सैल झाले.

आतां तेंच भिंग स्वस्त कां झालें तें पाहूं. १९८५ मध्यें मिनोल्टानें आपोआप केंद्र साधणारा कॅमेरा लोकप्रिय केला आणि हातानें कडें फिरवून केंद्र साधणें मागासलेपणाचें वाटूं लागलें. १९८७ मध्यें कॅननने भिंग बसविण्याची आपली खोबणीच बदलली. जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यावर सरळ बसेनात. कांचेंत कांहींही बिघाड नसतां, केवळ काळ पुढें गेल्यामुळें तीं कपाटांत पडलीं. पुढें २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे आले. त्यांत खोबणीपासून संवेदकापर्यंतचें अंतर आंखूड असतें, म्हणून मध्यें एक धातूचें कडें बसविलें कीं बहुतेक कोणतेंही जुनें भिंग चालतें. मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणीं जुन्या मालांत मिळणारें असें भिंग आज नव्याच्या किंमतीच्या लहानशा अंशांत एखाद्या शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या हातीं येऊं शकतें.

या भिंगानें काय साधतें, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आजच्या पुष्कळशा साध्या कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारें २४ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच असतो. १.७ मीटर उंचीचा सारस ६० मीटरवर उभा असेल, तर २०० मिलिमीटरच्या भिंगानें त्याची प्रतिमा साडेपांच मिलिमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् जास्त येते. तेवढीच प्रतिमा ५० मिलिमीटरच्या भिंगानें हवी असेल तर १५ मीटरपर्यंत जावें लागेल, आणि तोंवर पक्षी बहुधा उडालेला असेल. स्वस्त, जुन्या भिंगानें दिलेले हे ४५ मीटर हीच त्याची खरी कमाई होय.

त्याचे दोषही सांगितलेच पाहिजेत. उजळ पाण्यापुढें पक्ष्याच्या कडेला जांभळट रेघ उमटते. पूर्ण उघड्या छिद्रानें चित्र मऊ येतें. जुन्या झूमची नळी खालीं धरतांच आपोआप घसरते. आणि पूर्वविदर्भाच्या पावसाळ्यांत कांचेच्या आंत बुरशी धरते. विकत घेतांना विजेरीचा झोत नळींतून आरपार टाकून पाहावा म्हणजे बुरशीचे तंतु दिसतात. पुढें भिंग कोरड्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. छिद्र एफ ८ पर्यंत लहान केलें कीं रेखीवपणा बराच सुधारतो. हाताचा कंप थोपविणारी सोय या नळींत नसते, म्हणून वेळ १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावा आणि नळी धान्य भरलेल्या लहान पिशवीवर टेकवावी. आणखी एक शत्रु मात्र महागड्या भिंगालाही जिंकतां येत नाहीं: उन्हें चढलीं म्हणजे बांध्यांवरची तापलेली हवा थरथरूं लागते आणि दूरचें सर्व चित्र वितळल्यासारखें दिसतें. त्यावर पहाटे जाणें हाच उपाय.

जुन्या भिंगाची खरी परीक्षा मात्र त्याचा पल्ला जेथें संपतो तेथें होते. पक्षी शंभर-सव्वाशे मीटरवर असला कीं चौकटींत तो लहानसा दिसतो, आणि आणखी दहा पावलें पुढें जाण्याचा मोह होतो. सारस पावसाळ्यांत, धान उभें असतांना, पाणथळींत किंवा बांधींतच घरटें करतो. अंडीं बहुधा दोन असतात, तीं नरमादी पाळीपाळीनें सुमारें महिनाभर उबवितात. माणूस जवळ आला म्हणून उबविणारा पक्षी उठून गेला, तर उघडीं पडलेलीं अंडीं कावळ्यांच्या आणि उन्हापावसाच्या हवालीं होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणें हेंही घातलें आहे. बंदूक हातीं न धरतांही मनुष्य शिकारी ठरूं शकतो, हा त्या व्याख्येचा अर्थ प्रत्येक छायाचित्रकारानें मनांत बाळगावा.

टेलिफोटो भिंगाचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक सुधारणेनें पक्ष्यापासून दूर राहण्याची सोय वाढविली, आणि काळानें ती सोय सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणली. ज्याच्याजवळ दोनशे मिलिमीटरचेंच भिंग आहे त्यानें त्या मर्यादेचा उपयोग करून घ्यावा: सारसाबरोबर तलाव, बांधी आणि दूरवरचीं झाडें हीं सारीं चौकटींत येऊं द्यावींत. त्यांत पक्षी लहान दिसेल, पण तो कोणत्या पाण्यावर आणि कोणाच्या धानावर जगतो हें दिसेल. आणि ज्या जिल्ह्यांत तो मोजकाच उरला आहे तेथें तें दिसणें त्याच्या पिसांच्या रेखीवपणाहून अधिक मोलाचें आहे.