किडनीवाक्कमचं कर्ज

चेन्नईतल्या विल्लिवाक्कमला लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले, कारण तिथल्या किती तरी जणांच्या कुशीवर बरगडीखालून पाठीकडे गेलेला लांब व्रण होता. सावकाराचं देणं फेडायला त्यांनी आपली किडनी विकली होती.

या बाजाराला बळ दिलं ते एका औषधाने. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली आणि परक्याची किडनीही शरीरात टिकू लागली. मग रक्ताचं नातं कशाला? पैसेवाला रोगी, नडलेला माणूस आणि मध्ये दलाल, एवढं पुरे झालं. १९९४ च्या कायद्याने विक्रीवर बंदी घातली. तो सुरुवातीला महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांना लागू झाला. तमिळनाडूने नंतर स्वीकारला. मात्र ‘प्रेमापोटी’ परक्याला अवयव देण्याची वाट समितीच्या मंजुरीने खुली राहिली. दलालांनी नेमकी तीच धरली.

विकणाऱ्यांच्या हाती काय लागलं? २००१ मध्ये चेन्नईत अशा ३०५ जणांची पाहणी झाली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी किडनी विकली ती कर्जापायी. सरासरी १,४१० डॉलर कबूल झाले, मिळाले १,०७०. कर्जासाठी विकणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. कुटुंबाचं उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं होतं. निम्म्या लोकांची शस्त्रक्रियेची जागा अजून दुखत होती. मोलमजुरीवर पोट असलेल्याला हे दुखणं परवडणारं नाही.

विकणाऱ्यांत ७१ टक्के बाया होत्या. नवरा कमावता आहे किंवा आजारी आहे, ही त्यांनी सांगितलेली कारणं. दोन्हीकडून सुरी बाईच्याच अंगावर.

मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांना याच भागात आणखी भयंकर गोष्ट दिसली. जिथे किडनी विकण्याची चाल पडली, तिथे सावकारांचा वसुलीचा तगादा वाढला. न विकलेली किडनी म्हणजे त्यांच्या लेखी तारणच! अशा ठिकाणी ‘स्वखुशीने दिली’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

२००४ च्या त्सुनामीनंतर चेन्नईतल्याच एर्णावूरला वसवलेल्या मच्छीमार कुटुंबांतल्या बायांवरही हीच पाळी आली. २००७ मध्ये त्या उघडपणे बोलल्या: ठरलेले पैसेही हाती पडले नव्हते. कायद्याने पैसे देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही. म्हणजे फसवल्या गेलेल्या बाईने पोलिसांत जायचं, तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. विकणाऱ्या बाईला मात्र त्यातून वगळलं नाही.