खिडकीमागची नोंदवही

आपल्या देशातील कचेऱ्यांत संगणक आला तो बहुधा संशयाचे सावट घेऊनच. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात तो बसविण्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी केलेल्या करारातही यंत्रांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. ही भीती अडाणीपणाची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जेथे एका नोकरीवर सारे घर पोसले जाते, तेथे चौघांचे काम एकट्याने उरकणाऱ्या यंत्राकडे कामगाराने दुसऱ्या कोणत्या दृष्टीने पाहावे?

या पार्श्वभूमीवर रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण उठून दिसते.

जुनी पद्धत वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची पाने निराळी, आणि ती जाडजूड नोंदवही ठराविक खिडकीमागे. गाडी बदलली की खिडकी बदले, आणि प्रवासी पुन्हा नव्या रांगेच्या शेपटाशी उभा राही. परतीची जागा हवी असल्यास दूरच्या स्थानकाला तार करावी लागे. पण याहून मोठी गोष्ट अशी की, किती जागा शिल्लक आहेत हे फक्त वही धरणाऱ्यालाच दिसे. खिडकीवर नकार ऐकून परतलेल्याला बाहेर दलालापाशी जागा मिळे. सारेच कारकून काही लबाड नव्हते; बहुतेक जण त्या वह्यांच्या ढिगाऱ्यात मुकाट राबत. परंतु पद्धतच अशी होती की, प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येऊ नये.

नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे 'इम्प्रेस' ही प्रणाली सुरू झाली. ती सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीने घडविली होती. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल याच कंपनीकडे आली होती. दुसऱ्यांची यंत्रे सांभाळणाऱ्यांनी आता स्वतःची प्रणाली उभी केली. काम सोपे नव्हते. वर्ग, सवलती, स्थानकागणिक राखीव कोटे, प्रतीक्षायादी, रद्द तिकिटांचा परतावा, अशा नियमांच्या जंजाळाला यंत्राला समजेल अशी शिस्त लावायची होती. ती लागल्यावर कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, प्रतीक्षायादीतील क्रमांक तिकिटावर छापून येऊ लागला. कारकून मात्र खिडकीमागेच राहिला. त्याच्या हातची वही तेवढी गेली.

पुढे १९९४ मध्ये सिकंदराबादला 'कॉन्सर्ट' ही सुधारित प्रणाली आली आणि एप्रिल १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांस जोडली गेली. ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली. दलालही मागे राहिला नाही. तत्काळ तिकिटांसाठी तोही संगणकच वापरू लागला. ज्याला हे यंत्र हाताळता येत नाही, तो गावाकडे निघालेला मजूर अजूनही खिडकीपुढच्या रांगेत उभा असतो.