चेन्नईतला एक दिवस : आपल्या ठेव्याच्या शोधात

नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडे पाहुणे आले, की मरीना, महाबलीपुरम आणि साड्यांची दुकाने हा कार्यक्रम ठरलेला. पण एक दिवस ग्रंथालये व संग्रहालयासाठी राखून ठेवला, तर या शहरात मराठी माणसाला आपल्या पूर्वजांचा ठेवा भेटतो.

सुरुवात एग्मोरच्या सरकारी संग्रहालयापासून करावी. १८५१ साली स्थापन झालेले हे संग्रहालय अमरावतीची शिल्पे आणि चोळकालीन कांस्यमूर्ती यांसाठी प्रसिद्ध आहे. आपण मात्र जुन्या शस्त्रांपाशी थोडे अधिक थांबावे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरात स्थापलेली भोसल्यांची सत्ता १८५५ साली राजाला पुत्र नसल्याने संपुष्टात आली. राजवाड्याच्या शस्त्रागारात नायक राजांच्या काळापासून साठलेली हत्यारे होती. त्यांतील निवडक मद्रासच्या संग्रहालयात आली; बाकीची बरीचशी मोडून जुने लोखंड म्हणून विकली गेली!

त्याच आवारात कॉनेमरा ग्रंथालय आहे. १८९६ साली ते खुले झाले. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने देशातील चार ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांपैकी हे एक. म्हणजे पुण्या-मुंबईत छापलेल्या मराठी पुस्तकाचाही येथे हक्काचा मुक्काम आहे.

दुपारी शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय पाहावे. पूर्वी ते चेपॉकला, १८५७ साली स्थापन झालेल्या मद्रास विद्यापीठाच्या आवारात होते. आता कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. कर्नल कॉलिन मॅकेन्झी या सर्वेक्षण अधिकाऱ्याने दक्षिण भारतात फिरून जमवलेल्या कागदांचा मोठा भाग येथे आहे. त्यात तमिळ, तेलुगू, कन्नड यांच्याबरोबर मराठी हस्तलिखितेही आहेत.

शस्त्रे काचेमागे टिकतात. पण हस्तलिखित वाचणारा नसेल तर ते जपूनही मुकेच राहते. तंजावर दरबाराचे कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. आपली मुले शाळेत तमिळ, हिंदी, इंग्रजी शिकतात, हे चांगलेच आहे. त्यांना घरी देवनागरी मराठी वाचायला शिकवणे मात्र आपल्याच हाती आहे. त्यांच्यातल्या एखाद्याने पुढे मोडी शिकली, तर हे कागद पुन्हा बोलू लागतील.

शुक्रवारी संग्रहालय बंद असते. तेवढे ध्यानात ठेवून, बाकीच्या वेळा आधी विचारून, सहकुटुंब अवश्य जावे.