लढवय्यांची बदलती यादी

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत इंग्रजांकडून लढताना पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची. पाऊणशे वर्षांनी, १८९२-९३च्या सुमारास, इंग्रजांच्याच लष्कराने महारांची भरती थांबवली. ही जात म्हणे लढवय्यांची नव्हती!

मधल्या काळात महारांचे काहीच बिघडले नव्हते. बिघडले होते १८५७ साली, तेही उत्तरेत. बंगाल लष्करातले अवध-बिहारकडचे शिपाई उठले. पंजाबी आणि गुरखा पलटणींनी ते बंड मोडायला हात दिला. विश्वासू कोण, हा खरा प्रश्न होता. पण उत्तर देताना त्याला वंशशास्त्राचा पेहराव चढला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याआधी मद्रास लष्कराचे प्रमुख होते, आणि दक्षिणेतला शिपाई उष्ण हवेने व दीर्घ शांततेने मऊ पडला, असे त्यांचे ठाम मत झाले होते. पुढे भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिकाच निघाल्या. बाजारात बैल पारखावा तशी त्यांत माणसांची बांधणी आणि स्वभाव नोंदलेला असे. पहिले महायुद्ध उभे राहिले तेव्हा हिंदी लष्करात जवळपास निम्मे शिपाई एकट्या पंजाबचे होते.

महारांना याचा फटका दुहेरी बसला. लष्कर म्हणजे पगार आणि पेन्शन तर होतेच, शिवाय छावणीतली शाळाही होती. गावच्या शाळेत जिथे मूल बाहेर बसे, तिथे हे केवढे मोठे दार! सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिकवत. त्यांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, महूच्या छावणीत जन्मला, १८९१ साली. दार बंद व्हायला फार दिवस उरले नव्हते.

दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली अर्ज केला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय, असा दावा होता. अन्याय करणाऱ्याचीच मोजपट्टी हाती घेऊन आपली उंची सिद्ध करायची पाळी त्यांच्यावर यावी, हे या प्रकरणातले सर्वांत बोचरे. जन्मावरून शौर्य ठरते, हे गृहीतक तसेच राहिले. वाद उरला तो यादीत कोण बसते एवढाच. महार पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. सरकार हलले नाही.

हलवले ते महायुद्धाने. माणसे कमी पडू लागली तशी १९१७ साली ‘१११वी महार’ पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडली. पुढे १९३३ साली ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉर्ज मॅकमन यांनी हिंदुस्थानातल्या लढवय्या जातींवर सबंध ग्रंथ लिहिला. या सिद्धान्ताचे पितळ माणसांच्या टंचाईने इतके उघडे पाडले असतानाही तो लिहावासा वाटला, हे नवलच.

दुसऱ्या महायुद्धात माणसे पुन्हा कमी पडली. डॉ. आंबेडकरांचा पाठपुरावा होताच. १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान असतात. या रेजिमेंटमधले दोन अधिकारी पुढे लष्करप्रमुख झाले, के. व्ही. कृष्णराव आणि कृष्णस्वामी सुंदरजी. दोघेही जुन्या मद्रास इलाख्यातले, म्हणजे रॉबर्ट्स यांनी नापास केलेल्या मुलखातले.