हळदीची साक्ष आणि उर्दू कागद

आमच्या कोन गावात, नव्हे साऱ्या पनवेल तालुक्यात, पायाला जख्म झाली की आजही पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. साखरेच्या रुग्णाच्या घरीही हेच घडते. या हळदीसाठी एकदा अमेरिकेत लढाई झाली आणि तिच्या बाजूने उर्दू कागदांनीही साक्ष दिली, हे आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जख्म भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. दोघेही मूळचे भारतीयच! गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. या संस्थेने १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिले. अडचण अशी की, त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. छापील दाखला लागे. आमच्या दादी-नानींनी हजारो गुडघ्यांना हळद लावली, पण तिथे तिची किंमत शून्य. मग संस्कृत, हिंदी आणि उर्दूतले ३२ दाखले शोधून काढले गेले. काही तर शंभर वर्षांहून जुने. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

साखरेच्या आजारात जख्म सडते, ही ओळखही जुनीच. इब्न सीनाने (९८०–१०३७) आपल्या 'अल-कानून'मध्ये या आजाराची गोड लघवी आणि मांस सडणे, दोन्ही नोंदले. पुढे युनानी तबीब हे ज्ञान अरबी-फारसीतून उर्दूत घेऊन आले. आमच्या शेजारी पनवेलमध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर सुरू केले आणि घरच्या खलबत्त्यातले औषध कारखान्यात गेले. वैद्य असोत की हकीम, झाडपाला तोच होता.

मात्र एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हळदीतील कर्क्युमिनमुळे मधुमेही उंदरांच्या जख्मा लवकर भरल्याचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, हे खरे. पण तो उंदरांवरचा. साखरेने नसा बधिर होतात, पायाचे रक्त कमी पडते, दुखत नाही म्हणून जख्म खोल जाते. तिथे डब्यातली हळद भरून चार दिवस वाट पाहणे म्हणजे पाय गमावणे. पेटंट जिंकले म्हणून पाय बरा होत नाही, आधी डॉक्टर.

हळदीच्या या लढाईनंतर भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह हाती घेतला. अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतले युनानी नुस्खे त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत उतरवले गेले. म्युनिकचा पेटंट परीक्षक आज ते वाचू शकतो. आणि आमच्या घरांत माळ्यावर पडलेल्या हकीमांच्या बयाजा? आजोबा गेले, उर्दू वाचणारी मुले इंग्रजी शाळेत गेली, आणि वह्या किलोच्या भावाने रद्दीत निघाल्या.