छावणी : उभ्या वाहनाचा पावसाळा

पुण्यात फरासखाना म्हटले की लोकांना पोलीस ठाणे आठवते. शब्द मात्र ठाण्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. फर्श म्हणजे जमिनीवर अंथरायची बिछायत, ती अंथरणारा तो फरास, आणि बिछायती, तंबू, कनाती, शामियाने सांभाळण्याची जागा तो फरासखाना. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर पेशव्यांचा हा कारखाना होता. स्वारी निघाली की त्यातले कापडाचे शहर उंट-बैलांवर लादले जाई, आणि स्वारी परतली की ते पुन्हा तिथे येऊन विसावे.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण साधे आहे. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घर चाकांवर घेऊन फिरण्याची हौस आता इथेही रुजू लागली आहे. पण असे वाहन वर्षातले थोडेच दिवस फिरते. बाकीचा काळ ते सोसायटीच्या उघड्या वाहनतळावर उभे असते, आणि त्याला पांघरावे काय, हा प्रश्न मालकाला पहिल्याच मे महिन्यात पडतो. प्रश्न नवा वाटतो, पण तसा तो नाही.

शिवकालापासूनच्या मराठी राज्यकारभारात अठरा कारखाने आणि बारा महाल सांगितले जातात. कारखान्यांत फरासखाना आहे. महालांच्या यादीत पालखी आहे, आणि 'वहिली' नावाचे एक खाते आहे. वहिली म्हणजे रथ आणि गाड्या. पागा वेगळी, गाईगुरांची थट्टी वेगळी आणि गाड्या वेगळ्या. घोड्याला दाणा लागतो, बैलाला वैरण लागते, म्हणून त्यांच्यासाठी खाते असावे हे कोणालाही पटेल. पण न खाणाऱ्या, न ओरडणाऱ्या, नुसत्या उभ्या असलेल्या लाकडालाही सांभाळणारे माणूस लागते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनी ओळखले होते. ही बाब दिसते तितकी लहान नाही.

सांभाळायचे कसे, याचे सर्वात नेमके उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सापडते. हा ग्रंथ 1715-16 च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या गादीच्या आश्रयाने लिहिलेला. दुर्गांच्या प्रकरणात अमात्य तोफांची पावसाळी काळजी सांगतात. तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, मेण दाटून भरावे आणि वरून पुरते आच्छादन घालावे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पृष्ठभागाला लेप, मग पाणी शिरेल ती भोके बंद, आणि पांघरूण सर्वांत शेवटी. आज कॅराव्हॅनच्या टपावरच्या झरोक्यांचे आणि खिडक्यांचे सांधे पाहून मगच वर कापड टाकावे, असे जाणकार सांगतात. तो हाच क्रम आहे.

आरमाराच्या प्रकरणातही अमात्यांची हीच दृष्टी आहे. जहाजे पावसाळा सुरू होण्याच्या काही दिवस आधीच छावणीस घालावीत, कोसळू लागल्यावर नव्हे. शिवाय छावणी दरवर्षी नव्या बंदरात करावी, कारण कितीही ताकीद दिली तरी आरमारी लोकांचा उपद्रव आसपासच्या रयतेला होतोच. उभे वाहन शेजाऱ्याची अडचण होते, ही तक्रारही अशी तीनशे वर्षांची आहे.

'छावणी' हा शब्द इथे थांबून पाहण्याजोगा आहे. आज त्याने लष्कराचा तळ डोळ्यांसमोर येतो. मुळात तो छावणे, म्हणजे आच्छादणे, शाकारणे या क्रियेतून आला. छत्र आणि छत्री ही त्याचीच भावंडे. पावसाळ्यात मोहीम थांबे, नद्या उतारायोग्य राहत नसत, आणि फौज जिथे असेल तिथे आडोसा करून चार महिने काढी. दसऱ्याला सीमोल्लंघन. म्हणजे मधल्या काळात जे निश्चल उभे राहिले, ते दसऱ्याला धड निघालेच पाहिजे. राहुटीच्या कापडाला बुरशी लागली, कनातीचा दोर कुजला, गाड्याच्या आखाला वाळवी लागली, तर मोहीम शत्रूमुळे नव्हे, घरच्या दमटपणामुळे अडणार.

सुती कापडाचा वैरी पाऊस नव्हे, ओली घडी होय. भिजलेला तंबू ताणून उभा असेल तर वाऱ्याने वाळतो. तोच घडी घालून कोपऱ्यात टाकला की काही दिवसांत काळे ठिपके धरतो. म्हणून वाळवून ठेवणे, जमिनीपासून उचलून ठेवणे आणि उघडीप मिळताच ऊन दाखवणे, या तीन गोष्टींना पर्याय नव्हता. 'ऊन दाखवणे' हा मराठीतला फार सुंदर प्रयोग आहे. धान्याला, शालूला, गादीला आपण ऊन लावत नाही, दाखवतो. कारण जास्त झाले तर तेच ऊन रंग खाते. अनेक गावांत देवळाच्या सभामंडपात पालखी आढ्याला टांगलेली दिसते. त्यात जागेची सोय आहेच, पण ओल आणि वाळवी दोन्ही खालून येतात, हे ज्ञानही आहे.

पुण्याचे हवामान या बाबतीत फसवे आहे. शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास. घाटमाथ्याच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे इथे पावसाची भीती वाटत नाही. पण तो थोडा थोडा, दिवसेंदिवस झिमझिमत राहतो आणि काही वाळू देत नाही. त्याआधी एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, आणि मध्येच वळीव दुपारच्या धुळीसह येऊन आदळतो. टायरच्या कडा चिरणे, खिडकीचे रबर कडक होणे, फायबरच्या अंगावर खडूसारखी पांढरी भुकटी येणे, ही सगळी उन्हाची कामगिरी. पाऊस नंतर त्या चिरांतून आत शिरतो. नुकसान दिसते जुलैत, पण होते मे महिन्यात.

इंग्रजी अमदानीत फिरतीवरचे अधिकारी थंडीच्या दिवसांत तंबूंतून जिल्हे हिंडत. त्यांचे चांगले तंबू दुहेरी छताचे असत. वरचे कापड ऊन खाई, खालचे माणसाला सावली देई, आणि दोहोंच्या मधून वारा खेळे. गारवा कापडाच्या जाडीत नसून त्या मोकळ्या जागेत होता. याच अमदानीत डांबर चढवलेले जाड कापड आले. इंग्रजी 'टारपॉलिन' मराठी तोंडात ताडपत्री झाले, असे मानतात. ताडाच्या पानांनी छप्पर शाकारणाऱ्या देशाला तो शब्द परका वाटलाच नसावा.

आजची ताडपत्री बहुधा प्लॅस्टिकची असते. पावसाळ्याच्या तोंडावर ती घेऊन गाडीभोवती गच्च आवळून बांधली की मालक निश्चिंत होतो. इथेच घोटाळा आहे. प्लॅस्टिक बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसे आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. दिवसा तापलेली हवा रात्री निवते आणि त्याच आवरणाच्या आतून थेंब होऊन गाडीवर टपकते. वाऱ्याने फडफडणारी कड रंग घासते ती वेगळीच. त्यापेक्षा चार खांबांवरचे, गाडीपासून हातभर उंच, पश्चिमेकडे पुरेसे पुढे आलेले छप्पर चांगले, कारण मोसमी वारा तिकडून येतो. छप्पर शक्य नसेल तर हवा खेळू देणारे कापड घ्यावे, आणि तेही गाडी धुऊन, पूर्ण वाळवून मगच घालावे. चाकांखाली फळ्या, टायरवर स्वतंत्र आवरण, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पांघरूण काढून दारे-खिडक्या तासभर सताड उघड्या.

पेशवाई 1818 मध्ये संपली आणि स्वाऱ्यांबरोबर फरासखान्याचे कामही. नाव राहिले. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर वाहन धुऊन पुजण्याची, त्याला झेंडूची माळ घालण्याची रीतही राहिली. ती येते आश्विनात, पावसाळा सरता सरता, जेव्हा चार महिने झाकलेले सारे काही बाहेर काढावेच लागे.